दूरदर्शनचा डोळा कुणी फिरवला?

ज्यांचं लहानपण सत्तर-ऐंशीच्या दशकात गेलं त्यांना हे वर्णन करून सांगायची गरज नाही. पण नंतर जन्मलेल्या मंडळींसाठी सांगते. टीव्ही लावायचा. तो लगेच लागायचा नाही, आधी तापायचा. मग काळ्या पडद्यावर राखाडी वक्र रेषांचा एक घोळका एका केंद्राभोवती फिरायला लागायचा. फिरता फिरता रेषा एकमेकींत मिसळायच्या आणि शेवटी मधोमध एक गोल आणि त्याला दोन बाजूंनी कवेत घेणारे दोन वक्र, एवढंच उरायचं. म्हणजे डोळा. मागे ओढून धरलेले, थोडे उदासच म्हणावेत असे सूर. आमच्या वाड्यात समोरच्या काकूंकडे लाकडी दारांचा टीव्ही होता. हे सूर ऐकू आले की आम्ही पोरं जिन्यावरून धावत सुटायचो, कारण उशीर झाला तर सतरंजीवरची पुढची जागा जायची.

धंद्यातले लोक याला 'आयडेंट' म्हणतात. वाहिनीची ओळख सांगणारं काही सेकंदांचं चलच्चित्र. रोज एकदा धरलं तरी दहा वर्षांत साडेतीन हजार वेळा होतात. कुठलाही चित्रपट आपण इतक्या वेळा पाहिलेला नसतो, कुठलंही चित्र इतकं नीट पाठ झालेलं नसतं. आणि गंमत अशी की चित्रपटाला श्रेयनामावली असते, दिव्याची व्यवस्था कुणी केली तेसुद्धा लिहिलेलं असतं. इथे कुणाचंच नाव नाही. मला तर कितीतरी वर्षं असंच वाटायचं की हे यंत्रातूनच येतं, टीव्ही तापला की जसा मधला ठिपका दिसतो तसं. ते कुणीतरी बसून हाताने केलेलं आहे, हे ध्यानीमनीही नव्हतं.

तर ते कुणी केलं याची ही गोष्ट.

भारतात टीव्ही आला १९५९ साली, दिल्लीत, प्रयोग म्हणून. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, आणि पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात आमच्यापर्यंत पोचलं. पण तोवर टीव्ही हे आकाशवाणीचंच एक खातं होतं. १ एप्रिल १९७६ रोजी ते वेगळं झालं. वेगळा संसार थाटायचा तर दारावर वेगळी पाटी हवी. ते काम गेलं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडे, म्हणजे एनआयडीकडे. ही संस्था १९६१ची. त्या काळातल्या कितीतरी सरकारी आणि निमसरकारी खुणा तिथेच जन्मल्या. स्टेट बँकेचं ते निळं कुलूपछिद्र शेखर कामत यांचं, १९७१चं, तेही तिथलंच.

एनआयडीत तेव्हा विकास सातवळेकर शिकवत होते. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी देवाशिष भट्टाचार्य यांनी कागदावर एक आकार काढला: मध्ये वर्तुळ, भोवती दोन वक्र, यिन-यांगच्या चिन्हाची आठवण करून देणारे. विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे मिळून चौदा नमुने दिल्लीला गेले आणि त्यातून इंदिरा गांधींनी हा निवडला. चौदांत शिक्षकांचेही नमुने होते आणि निवड झाली ती विद्यार्थ्याच्या कामाची, हे मला फार आवडतं.

पण हा झाला आकार. कागदावरचा, स्थिर. तो फिरवला रमणलाल मिस्त्री यांनी, म्हणजे एनआयडीत ज्यांना सगळे आर. एल. मिस्त्री म्हणून ओळखत त्यांनी. भट्टाचार्यांच्या रेखाटनाच्या प्रती काढून, त्या कॅमेऱ्याखाली धरून, फिरवत फिरवत एकेक चौकट टिपत त्यांनी तो शेवटच्या डोळ्यापर्यंत आणून सोडला. संगणक नाही. रंग नाही. कागद, फिल्म आणि कॅमेरा.

अशा कामासाठी जो कॅमेरा लागतो त्याला रोस्ट्रम कॅमेरा म्हणतात. तो आपल्याकडे बघत नाही, खाली बघतो. एका उभ्या खांबावर कॅमेरा, तोंड थेट जमिनीकडे. खाली टेबल, टेबलाला दांडे आणि चाकं, चाकांवर मापाच्या खुणा. टेबल डावीकडे सरकतं, पुढेमागे सरकतं, गोलही फिरतं. दोन्ही बाजूंनी तिरके दिवे, म्हणजे काचेवर चकाकी येत नाही. चित्र हलू नये म्हणून ते खुंट्यांत अडकवायचं. मग एक चौकट टिपायची, चाक एक खूण फिरवायचं, पुन्हा एक चौकट. एका सेकंदाला चोवीस किंवा पंचवीस. दहा सेकंदांना अडीचशे. मध्ये कुणी हाक मारली आणि आपण चाक फिरवलं होतं की नाही हे विसरलं, की संपलं. कारण काय टिपलं गेलंय ते लगेच दिसत नाही. फिल्म लॅबमध्ये जाणार, धुऊन येणार, मगच कळणार.

काळ्या पार्श्वभूमीचाही एक उपयोग असतो. काळ्या भागावरून प्रकाश परत येत नाही, त्यामुळे फिल्मचा तेवढा भाग कोराच राहतो. मग तीच फिल्म मागे गुंडाळून तिच्यावर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा चित्र उठवता येतं. एकाच आकाराच्या अनेक फिकट सावल्या एकमेकींवर पडतात ती किमया जुन्या कॅमेरामनांनी बहुधा अशीच साधलेली असते. दूरदर्शनचा डोळा पाहताना तो घोळका धुक्यातून आल्यासारखा वाटायचा, त्यात आमच्या अँटेनाचाही वाटा होता म्हणा.

मागच्या दिवाळीत मी भाचीला घेऊन हे करून पाहिलं. काळा पुठ्ठा, पांढऱ्या कागदाचे दोन वक्र, मधोमध टाचणी, आणि वरून मोबाइल टांगलेला. दर वेळी दहा अंश फिरवायचं आणि फोटो काढायचा. आणि मग एक गोष्ट लक्षात आली जी नुसतं बघून इतकी वर्षं आली नव्हती. हा आकार अर्धा फिरवला की पुन्हा जसाच्या तसा दिसतो. म्हणजे पूर्ण फेरीसाठी छत्तीस फोटो लागत नाहीत, अठरात काम भागतं. फिरण्यासाठी याहून सोयीचा आकार शोधूनही सापडला नसता. आम्ही अठरा काढले, त्यात संध्याकाळ गेली, आणि टीव्हीच्या वेगाने चालवून पाहिले तर पाऊण सेकंदही भरेना. शिवाय तो डोळा वाटेना, पंखा वाटला. कारण आमचा वेग शेवटपर्यंत सारखाच होता. मिस्त्रींचा डोळा शेवटी मंदावतो, विसावतो. त्यासाठी दहा अंश, मग आठ, मग पाच, तीन, एक, असं चाक कमी कमी फिरवत न्यावं लागतं, आणि ते किती कमी करायचं हे हाताला कळावं लागतं. भाची म्हणाली, "ॲपमध्ये हे एका बटणात होतं." होतं. तिनं ते करूनही दाखवलं, आणि तेही बरं दिसलं.

दुसरी अडचण टीव्हीची. १९७६चे आपले टीव्ही कृष्णधवल, पडद्याच्या कडा गोलसर, कडेचं चित्र कापलं जायचं, आणि अर्ध्या घरांत मुंग्या. त्या मुंग्यांतून ओळखू येईल असं चिन्ह हवं होतं. बारीक रेषा चालणार नाही, नाजूक छटा चालणार नाही, महत्त्वाचं काही कडेला ठेवता येणार नाही. मधोमध, जाड, गोल, पांढऱ्यावर काळं किंवा काळ्यावर पांढरं. त्या चौदातले बाकीचे तेरा नमुने कसेही असोत, या कसोटीला हा डोळा उतरला.

सुरांचं थोडक्यात सांगते. सनईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांनी पंडित रविशंकरांच्या सोबतीने ती धून बांधली. मोठ्या भावाची, म्हणजे आकाशवाणीची धून त्याआधी चाळीस वर्षांची, ती वॉल्टर कॉफमन यांची. हे युरोपातून आलेले ज्यू निर्वासित, मुंबई आकाशवाणीवर संगीताचं काम बघायचे. त्यांच्यावर वेगळं लिहायला हवं, इथे घुसडलं तर अन्याय होईल.

आता डोळाच का, हा प्रश्न. टीव्ही आपण बघतो. मग टीव्हीच्या खुणेत डोळा कशाला? पण हे खूळ आपल्याकडचं नाही. अमेरिकेत सीबीएस वाहिनीने १९५१ साली डोळा घेतला. विल्यम गोल्डन हे त्यांचे कलासंचालक. पेनसिल्व्हेनियातल्या कोठारांवर दृष्ट लागू नये म्हणून काढलेल्या नक्षीत आणि शेकर पंथीयांच्या जुन्या चित्रांत त्यांना तो सापडला. पडद्यावर तो ढगांच्या चित्रावर यायचा आणि बुबुळाच्या जागी कॅमेऱ्याची झडप उघडमीट करायची. वर्षभराने गोल्डन स्वतःच कंटाळले आणि नवं चिन्ह करू म्हणाले. त्यांचे वरिष्ठ फ्रँक स्टँटन यांनी थांबवलं. तुला कंटाळा आला म्हणजे लोकांच्या आत्ता कुठे लक्षात यायला लागलंय, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले. सीबीएसचा डोळा आजही तोच आहे.

बीबीसीचं पहिलं हलतं चिन्ह २ डिसेंबर १९५३चं. ते अब्राम गेम्स यांनी केलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी भित्तिचित्रं करणारा हा माणूस, कमीत कमी साधनांत जास्तीत जास्त अर्थ हे त्याचं ब्रीद. पण या खेपेला साधनं मात्र कमी नव्हती. त्याने पितळेचं आणि तारांचं एक यंत्रच उभं केलं. मध्ये छोटा पृथ्वीगोल, भोवती फिरणारे दोन डोळे, दोन बाजूंना विजेचे पंख. ते कॅमेऱ्यासमोर ठेवून, दिवे टाकून, फिरवून चित्रित केलं. लोकांनी त्याला 'वटवाघळाचे पंख' असं नाव ठेवलं. यंत्र इतकं नाजूक की चित्रीकरणानंतर लवकरच ते मोडलं. फिल्म तेवढी उरली.

म्हणजे १९५१, १९५३ आणि १९७६, तीन खंडांत तीन डोळे. सीबीएसचा डोळा म्हणतो, आम्ही सगळीकडे बघतो आणि तुम्हाला दाखवतो. गेम्सचे डोळे पृथ्वीवर फिरतात, तेही साधारण तेच म्हणतात. आपला डोळा कुठे बघत होता?

इथे मला थोडं थांबावं लागतं, कारण आठवणीत हा भाग नसतो. १ एप्रिल १९७६ ही तारीख आणीबाणीतली आहे. जून १९७५ला आणीबाणी लागली, मार्च १९७७ला उठली. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसलेला, माहिती आणि नभोवाणी खातं विद्याचरण शुक्लांकडे. भट्टाचार्यांचं चित्र निवडणाऱ्या पंतप्रधान त्याच. याच काळात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या चोवीसशे खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा 'साइट' हा मोठा प्रयोगही चालू होता, ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६, आणि तो खरोखर शेतीसाठी, शाळांसाठी, आरोग्यासाठी होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. विजया मुळे यांच्यासारखी मराठी बाई त्या सुमारास मुलांसाठी शैक्षणिक चित्रपट करवून घेत होती. 'एक अनेक और एकता' हा १९७४चा ॲनिमेशनपट त्यांचाच, भीमसेन यांनी काढलेला. आणि त्याच टीव्हीवर बातम्यांत काय यायचं हे मोठ्यांना विचारा.

फेब्रुवारी १९७७ची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. दिल्लीत रामलीला मैदानावर जयप्रकाश आणि जगजीवनराम यांची सभा होती. गर्दी होऊ नये म्हणून दिल्ली दूरदर्शनने त्या रविवारी ठरलेला चित्रपट बदलून 'बॉबी' लावला. लोक तरीही सभेला गेले, प्रचंड संख्येने. त्या दिवशीही प्रक्षेपण सुरू होताना हाच डोळा फिरला असणार, हेच सूर वाजले असणार.

मला यात मिस्त्रींना किंवा भट्टाचार्यांना ओढायचं नाही. विद्यार्थ्याने आकार काढला, कॅमेरामनने तो फिरवला, दोघांनीही काम चोख केलं. पण आपल्याला तो डोळा इतका आपला, इतका निरागस का वाटतो, हे विचारायला हवं असं मला वाटतं. माझ्यापुरतं उत्तर असं की सरकारी खात्याचा शिक्का गोल, रेखीव, थंड असतो. हा तसा नव्हता. तो किंचित थरथरत यायचा. कागद एका चौकटीत केसभर इकडे, पुढच्या चौकटीत केसभर तिकडे, फिल्मची धूळ, प्रतींच्या कडा. त्यामागे माणूस आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं, पण डोळ्यांना कळत असावं. आणि म्हणूनच तो प्रचाराला फार उपयोगी पडला असेल, हेही मला नाकारता येत नाही. 'आमची माती आमची माणसं', 'गजरा', 'छायागीत' आणि सेन्सॉर केलेल्या बातम्या, सगळ्यांच्या दारावर एकच हसरं तोरण.

पुढे यंत्र आलं. बीबीसीचा पृथ्वीगोल साठीच्या दशकापासून एक खराखुरा, हातात मावेल असा गोल होता. तो मोटरवर फिरायचा, मागे अंतर्वक्र आरसा, समोर कृष्णधवल कॅमेरा, आणि रंग नंतर विजेच्या करामतीने चढवायचे. १८ फेब्रुवारी १९८५ला तो काढून संगणकावरचा गोल आणला. त्याआधी, नोव्हेंबर १९८२मध्ये, 'चॅनल फोर' सुरू झालं ते रंगीत ठोकळे उडत येऊन चारचा आकडा बनवणाऱ्या संगणकीय आयडेंटसह. तो मार्टिन लँबी-नेर्न यांचा. त्यासाठी लागणारं तंत्र तेव्हा इंग्लंडमध्ये मिळेना म्हणून काम अमेरिकेत करवून आणलं. मग जगभर तीच लाट आली. चकचकीत धातूची अक्षरं अवकाशातून गिरक्या घेत यायची. १९८२ला आपल्याकडेही रंग आला, आणि यथावकाश आपला डोळाही चकाकायला लागला. ते चकाकणं मला कधी पाठ झालं नाही.

मौज पुढे आहे. याच लँबी-नेर्न यांच्याकडे बीबीसी टू ही वाहिनी आली. लोकांना ती वाहिनी उच्चभ्रू आणि रटाळ वाटायची. यांनी संगणक बाजूला ठेवला. धातूचा मोठा २ करवून घेतला आणि त्याच्यावर खराखुरा रंग फेकला, रेशीम पसरलं, निऑनची नळी वाकवली, भुकटी उडवली, आणि हे सगळं कॅमेऱ्याने टिपलं. १६ फेब्रुवारी १९९१पासून ते दिसू लागलं. काही काळाने पुन्हा पाहणी केली तर लोक म्हणाले, कार्यक्रम किती खेळकर झालेत! कार्यक्रम तेच होते. ते आयडेंट २००१पर्यंत चालले, २०१४ला वाहिनीच्या पन्नाशीनिमित्त परत आणले आणि २०१८पर्यंत राहिले. त्यांच्या जागी जे आले तेही निरनिराळ्या ॲनिमेटरांकडून करवून घेतलेले, त्यात मातीच्या बाहुल्यांसाठी प्रसिद्ध असलेला आर्डमन स्टुडिओही होता.

दारावरची पाटी बदलली की घरातला स्वयंपाक चविष्ट लागतो, असा हा प्रकार. मला हे ऐकून आनंदही झाला आणि थोडी भीतीही वाटली. बीबीसी टूच्या बाबतीत ती गंमत आहे. फेब्रुवारी १९७७च्या दिल्लीत तीच गोष्ट गंमत राहत नाही.

आपल्याकडे १९९७ला प्रसार भारती आली, दूरदर्शन कागदोपत्री स्वायत्त झालं. २०१७ला नव्या बोधचिन्हासाठी जाहीर स्पर्धा घेतली. तेव्हा माझ्या ओळखीचे निम्मे लोक चिडले, त्यातल्या कित्येकांनी दहा वर्षांत दूरदर्शन लावलेलं नव्हतं. एप्रिल २०२४मध्ये, ऐन निवडणुकीत, डीडी न्यूजचं लाल चिन्ह भगवं झालं आणि मोठा वाद पेटला. कुणी म्हणालं हा पक्षाचा रंग, अधिकारी म्हणाले हा नारिंगी आहे, कुणी म्हणालं मूळचा रंगच हा होता. मी त्या आठवड्यात यूट्यूबवर जुना डोळा पुन्हा काढून पाहिला. कुणीतरी व्हीएचएसवरून चढवलेला, आवाज फाटलेला. खालच्या प्रतिक्रियांत लोकांनी आपापल्या आजोबांच्या, वाड्याच्या, बुश आणि टेलेरामाच्या टीव्हीच्या आठवणी लिहिल्या होत्या. मी पण लिहिलं, फक्त दोन नावं: देवाशिष भट्टाचार्य, आर. एल. मिस्त्री. दुसऱ्या दिवशी एकाने खाली विचारलं होतं, "हे कोण?"

त्याला उत्तर लिहिता लिहिता हा लेख झाला.